उशिराचं कारण

"आमच्याकडे सगळं आहे," कर्नल म्हणाले आणि त्यांनी चहाचा पेला माझ्याकडे सरकवला. "तांदूळ आहे, डॉक्टर आहेत, होड्या आहेत. तुमच्या सरकारची सहानुभूती पोहोचली. अध्यक्षांच्या कानावर घालतो."

"आणि जहाज?" मी विचारलं.

"कुठलं जहाज?"

त्यांना जहाज चांगलं ठाऊक होतं. नदीच्या मुखापासून पंधरा सागरी मैलांवर, त्यांच्या हद्दीच्या जरासं बाहेर, आपल्या नौदलाचं ते जहाज सकाळपासून नांगर टाकून उभं होतं. त्यात ताडपत्र्या होत्या, औषधं होती, दोन सर्जन होते, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पिण्याचं पाणी होतं. हजारो कॅन, शिवाय खारं पाणी गोडं करणारी यंत्रं. रविवारच्या वादळात समुद्र खोऱ्यात चाळीस किलोमीटर आत शिरला होता. मेलेल्यांचा आकडा सरकार रोज थोडा थोडा वाढवत होतं. पण जे जगले होते त्यांची अडचण वेगळी होती. झाडून सगळ्या विहिरी आणि तळी खारट झाली होती, आणि वादळ गेल्यापासून आभाळ असं कोरडं ठणठणीत पडलं होतं की पावसाचा एक थेंब नाही.

"कर्नल, फक्त उतरवायची परवानगी द्या. आमचा एकही शिपाई किनाऱ्यावर पाय ठेवणार नाही."

ते हसले. "आगाशे, तुम्ही माझे मित्र आहात. मित्राला माझ्या तोंडून 'नाही' ऐकायला लागावं, असं मला वाटत नाही. म्हणून विचारू नका."

मी उठलो. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते सहज म्हणाले, "तुमच्याकडच्या त्या नव्या बाई, महास्थविरांच्या विहारात येतात त्या. माझी आई फार बोलते त्यांच्याबद्दल. त्यांना नमस्कार सांगा."

मी मान डोलावली. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की परवानगी मिळाली नाही याच्यापेक्षा हा नमस्कार मला जास्त लागला होता.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी काही सवयी सुटत नाहीत. तिथे लष्करी मंडळाचं राज्य होतं, परदेशी माणसाचा संशय होता आणि परदेशी मदतीचा त्याहून अधिक. आपल्या वकिलातीत राजदूतांच्या खालोखाल मी होतो. तीन वर्षं झाली होती मला तिथे. कर्नल परराष्ट्र खात्यात अध्यक्षांचे कान समजले जात, आणि ते कान मी तीन वर्षं जपले होते. त्यांच्या सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी चेन्नईत करवून आणलं होतं. दर शनिवारी त्यांच्याशी बॅडमिंटन खेळून बेताने हरलो होतो. त्यांची भाषा तर अशी शिकलो होतो, की त्यांच्या रेडिओवर बातम्या द्यायला बसलो असतो तरी कुणाला शंका आली नसती. एखादं संकट येईल, सगळे हतबल होतील, आणि तेव्हा हे दार माझ्या हाताने उघडेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

उत्पला गजभिये पाच महिन्यांपूर्वी आल्या होत्या. द्वितीय सचिव, म्हणजे माझ्याहून बऱ्याच कनिष्ठ. वय बत्तीस-तेहतीस. नागपूरच्या. वडील रेल्वेत फिटर होते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात जो मोकळेपणा होता तो मला खटकला होता. व्हिसा आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे त्यांचं काम. तिथली भाषा त्यांना येत नव्हती. दोन-चार वाक्यं शिकल्या होत्या, तीही चुकीची, आणि त्या चुकांवर भाजीवाल्या, ड्रायव्हर, पहारेकरी असे हसायचे की दहा मिनिटांत त्यांची होऊन जायची. माझ्या बिनचूक बोलण्यावर कुणी कधी हसलं नाही. लोक अदबीने उत्तर द्यायचे आणि गप्प व्हायचे.

एकदा पुण्याला बायकोशी फोनवर बोलताना मी म्हणालो होतो, "त्यांचं काय, त्यांचा धर्मच इथला. आपोआप जुळतं." बायको म्हणाली, "तुमच्या आवाजाला काय झालंय?" मी विषय बदलला. पण आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. गजभिये हे आडनाव पहिल्यांदा कागदावर वाचलं तेव्हा माझ्या मनाने त्याची एक जागा ठरवून टाकली होती. ती जागा माझ्या बरीच खाली होती. मी हे कधी बोललो नाही. बोललो नाही म्हणजे ते नव्हतं, असं मात्र समजत आलो.

गुरुवारी सकाळी राजदूतांनी बैठक बोलावली. कुरियनसाहेब दम्याचे पेशंट. वादळानंतरच्या धुळीने त्यांना बोलणंही जड जात होतं. दिल्लीहून दर दोन तासांनी विचारणा होत होती. मी कर्नलची भेट सविस्तर सांगितली. थोडा धीर धरला तर आठवड्याभरात दार किलकिलं होईल, असं माझं मत मांडलं.

"आठवडा?" उत्पला म्हणाल्या. "सर, विहारात खोऱ्यातली माणसं येऊन राहिली आहेत. काल दोनशे होती, आज पाचशेच्या वर. त्यांच्या मागे राहिलेली नारळाचं पाणी पिऊन दिवस काढताहेत. नारळही संपत आले."

'येऊन राहिली आहेत' हे त्यांचं नागपुरी मला कानाला टोचायचं. त्या दिवशी जरा जास्तच टोचलं.

"विहारात तुम्ही काय करत होता?" कुरियनसाहेबांनी विचारलं.

"भात वाढत होते, सर. चार दिवस झाले, सकाळी कचेरीच्या आधी जाते." मग त्यांनी एक दम घेतला. "विहाराचे प्रमुख, महास्थविर भन्ते, काल माझ्याशी बोलले. ते तरुणपणी तीन वर्षं बोधगयेला होते, हिंदी येतं त्यांना. अध्यक्ष त्यांचे शिष्य आहेत. भन्ते म्हणाले, 'माझा शिष्य दुसऱ्या देशाकडून मदत घेणार नाही. ती घेतली तर आपण दुबळे दिसू, अशी त्याला भीती आहे. पण विहाराला आलेलं दान नाकारायची हिंमत त्याच्यात नाही.'"

"म्हणजे?" राजदूत म्हणाले.

"म्हणजे सगळं विहाराच्या नावाने द्यायचं. झेंडा नको, गणवेश नको, सरकारचा कागद नको. परवानगी हा शब्दच नको, सर. एका साध्या कागदावर यादी लिहायची आणि उपासिका म्हणून मी ती भन्तेंच्या पुढ्यात ठेवायची. अध्यक्ष समोर असतील. त्यांनी अनुमोदनाचं 'साधू' म्हटलं, की झालं. त्यांनी काही दिलं नाही, आपण काही मागितलं नाही. भन्ते वेळ बघून निरोप देणार आहेत."

कुरियनसाहेबांचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला. "गजभिये," ते म्हणाले, "आपण सगळे दारावर धडका देत होतो आणि तुम्ही खिडकी शोधलीत." मग त्यांना आतल्या खोलीत नेऊन ते अर्धा तास बोलत बसले. दार लावलेलं होतं. त्या दाराबाहेर तीन वर्षांत मला कधी थांबावं लागलं नव्हतं.

उत्पला बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो.

"गजभियेबाई," मी म्हणालो, "ही ओळख झाली. मुत्सद्देगिरी वेगळी असते. उद्या भन्तेंचा मूड बदलला तर काय करणार?"

"असेल सर, वेगळी असेल," त्या म्हणाल्या. "पण ओळखीने पाणी पोहोचत असेल तर मला ओळख चालेल." आणि मग अगदी साधेपणाने, "तुम्ही याल ना बरोबर? भन्ते हिंदी बोलतील, पण बाकी कुणी काही विचारलं तर माझी त्रेधा उडेल. तुमच्यासारखी भाषा इथे कुणाला येत नाही."

मी "बघू" म्हणालो. खरं तर त्यांनी मला सन्मानाने बरोबर घेतलं होतं. मला ऐकू आलं ते इतकंच, की आता मी दुभाष्या.

शुक्रवारी पावणेअकराला फोन आला. बोलणाऱ्याला त्यांच्या भाषेशिवाय काही येत नव्हतं, म्हणून ऑपरेटरने तो माझ्याकडे जोडला. विहारातले एक भिक्खू होते.

"महास्थविरांचा निरोप आहे. आज दोन वाजता अध्यक्ष विहारात येतील. मेलेल्यांसाठी परित्राणपाठ आहे. नागपूरच्या उपासिकेने यादी घेऊन यावं."

"त्या एकट्याच?"

"उपासिकेने यावं," ते पुन्हा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उत्पला विमानतळावर होत्या. वादळात घरं गेलेल्या आपल्या काही व्यापाऱ्यांची बायकामुलं त्या दिवशी परत धाडायची होती. विमानतळ गाडीने चाळीस मिनिटांवर. विमानतळावरच्या आमच्या माणसाकडे फोन होता. ड्रायव्हर खाली पेपर वाचत बसला होता. तीन तास आणि वर पंधरा मिनिटं, एवढा वेळ माझ्या हातात होता. मी घड्याळाकडे पाहिलं, हे मला स्पष्ट आठवतं. म्हणजे वेळ कमी होता, असं स्वतःला सांगायचीसुद्धा सोय मी ठेवली नव्हती.

मी फोन उचलला नाही. कपाटातून बंद गळ्याचा कोट काढला. टंकलेखकाला बोलावून वकिलातीच्या कागदावर टिपण तयार करून घेतलं. जहाजाचं नाव, वजन, सामानाचा तपशील, आपल्या सरकारची विनंती, खाली माझी सही आणि शिक्का. आदल्या दिवशी बैठकीत ऐकलेलं सगळं मला पाठ होतं. पण साध्या कागदावरची यादी हे मला देवळात ठेवायच्या शिध्यासारखं वाटत होतं. अध्यक्षांसमोर उभं राहायची संधी तीन वर्षांत मला एकदाही मिळाली नव्हती. ती मी शिधा ठेवून वाया घालवणार नव्हतो. त्यांच्याच दरबारी भाषेत मी असं बोलेन, की ते विचारतील, हा माणूस कोण? असं माझ्या डोक्यात चाललं होतं.

विहाराच्या मोठ्या दालनात माणसं दाटीवाटीने बसली होती. चिखलाचे कपडे, पाय सुजलेले. महास्थविर एका खांबाजवळ बसले होते. ऐंशीच्या घरातले, अगदी किरकोळ देहाचे.

"ती कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं.

"विमानतळावर अडकल्या आहेत, भन्ते."

"बोलावलं नाही?"

"वेळ नव्हता."

"मी सकाळीच निरोप पाठवला होता," ते म्हणाले. मी खांबापासून जरा दूर जाऊन बसलो.

दोन वाजता अध्यक्ष आले. बुटके, जाड चष्म्याचे, शाळामास्तरांसारखे दिसणारे गृहस्थ. मागे चार-पाच अधिकारी, त्यात कर्नल. मला पाहून कर्नल जागच्या जागी थबकले. पाठ झाला. महास्थविरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तरी मी पुढे झालो, गुडघे टेकले आणि बोलायला लागलो.

मी फार सुंदर बोललो. आजही त्यातलं वाक्यन्‌ वाक्य मला आठवतं. दोन देशांचे शतकांचे संबंध, एकच समुद्र, शेजाऱ्याचं दुःख. मग मी टिपण पुढे केलं आणि म्हणालो, "माझ्या सरकारच्या वतीने, आपल्या परवानगीची प्रार्थना करतो."

अध्यक्षांनी कागद घेतला. शिक्का पाहिला. मग मागे न वळताच विचारलं, "परराष्ट्र खात्याला हे ठाऊक आहे?"

"नाही, महोदय," कर्नल म्हणाले. त्यांचा चेहरा काळवंडला होता. परवा मी त्यांच्या टेबलाशी चहा प्यायलो होतो आणि आज त्यांना वगळून थेट इथे आलो होतो.

अध्यक्षांनी कागद माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. "मी इथे मेलेल्यांसाठी आलो होतो," ते म्हणाले. "हे विहार आहे. कचेरी नाही." महास्थविरांना वाकून नमस्कार करून ते निघून गेले. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

मी कागद उचलून घडी घालत होतो तेव्हा महास्थविर हळूच म्हणाले, "मी देणारीला बोलावलं होतं. तू मागायला आलास."

परत येऊन मी राजदूतांना सांगितलं, की विहाराचा मार्ग चालून पाहिला, अध्यक्षांनी नकार दिला. ते खुर्चीत मागे रेलले. उत्पला चार वाजता आल्या आणि धावतच माझ्या खोलीत शिरल्या.

"सर, निरोप आला होता? मला कळवलं का नाही?"

"अगदी आयत्या वेळी आला हो."

"किती वाजता?"

"दीडला," मी म्हणालो.

त्या बसल्या. थोडा वेळ त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही तरी गेलात. कुणीच गेलं नसतं तर भन्तेंना वाटलं असतं आपल्याला गरज नाही." माझ्यासाठी त्यांनीच चहा मागवला.

संध्याकाळच्या बातम्यांत जाहीर झालं, की कुठल्याही परदेशी जहाजाला हद्दीत येता येणार नाही. कर्नलनी माझा फोन घेणं बंद केलं. शनिवारी दिल्लीहून विचारणा आली, जहाज किती दिवस थांबवायचं?

उत्पला शनिवारी विहारात गेल्या, भात वाढून आल्या. रविवारी पुन्हा गेल्या. विहारात त्यांना कुणी काही विचारलं का, त्यांनी काय सांगितलं, शुक्रवारच्या निरोपाची वेळ भन्तेंनी त्यांना सांगितली की नाही, यातलं मला काहीच कळलं नाही. त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. मी मात्र दर वेळी त्या खोलीत आल्या की आता विचारतील, आता विचारतील, या धास्तीत असायचो. आणि धास्तीच्या खाली, खरं सांगतो, दुसरंच काही होतं. त्यांनाही आता जमू नये, असं मला वाटत होतं. पाणी पोहोचावं, हे वाटत होतंच. पण ते त्यांच्या हातून पोहोचलं तर माझी तीन वर्षं कुठे जाणार होती?

सोमवारी त्यांना जमलं. सकाळी भिक्षेच्या फेरीला महास्थविर स्वतः निघाले. त्या वयात ते फेरीला जात नसत. बरोबर त्यांनी उत्पलांना घेतलं. अध्यक्षांच्या घरासमोर फेरी थांबली. अध्यक्ष भिक्षा वाढायला अनवाणी बाहेर आले, तेव्हा उत्पलांनी महास्थविरांच्या पायाशी पाण्याचा एक कॅन आणि वहीचं एक पान ठेवलं, पंचशील म्हटलं आणि मागे सरून हात जोडून उभ्या राहिल्या. महास्थविर म्हणाले, "या उपासिकेने विहाराला पाणी दिलंय. खोऱ्यातल्या विहारांत पोहोचवायचंय." अध्यक्षांनी पान वाचलं. बराच वेळ वाचलं, असं उत्पला म्हणाल्या. मग त्यांनी वाकून कॅनला हात लावला आणि म्हणाले, "साधू."

दुपारपर्यंत सगळं ठरलं. जहाज आहे तिथेच राहील. स्थानिक होड्या तिथे जाऊन सामान घेतील. प्रत्येक होडीत भिक्खू असतील. वकिलातीची फक्त दोन माणसं. कुरियनसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उत्पलांचं अभिनंदन केलं. हात मिळवताना माझा हात थंड पडला होता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही दमलात. पण उद्या तुम्हाला यावं लागेल. तुमच्याशिवाय मला एक शब्द कळायचा नाही."

मंगळवारी आम्ही गेलो.

त्या मोहिमेची पुढे बरीच वाखाणणी झाली. अहवालात माझं नाव हुद्द्याप्रमाणे पहिलं होतं. पुढे मी दोन देशांत राजदूत झालो. उत्पला गजभियेही झाल्या, माझ्याहून मोठ्या देशांत. एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं होतं, की त्या वादळात आगाशेसरांच्या भाषेने आम्हाला फार हात दिला. ती मुलाखत मी कापून ठेवली नाही, पण विसरलोही नाही. आता त्याही निवृत्त झाल्यात, नागपुरात असतात, मराठी मासिकं आवर्जून वाचतात असं ऐकतो. हे मराठीत लिहायचं कारण तेच आहे.

आमच्या होड्या दुपारी पहिल्या गावाला लागल्या. गाव म्हणजे नुसते खांब उभे होते. घरं वाहून गेली होती. विहाराचा चौथरा तेवढा उंच, त्यावर शे-सव्वाशे माणसं. आम्हाला पाहून कुणी ओरडलं नाही की धावत आलं नाही. तेवढं त्राण नव्हतं. ओठ फुटलेले, जिभा जड झालेल्या. भिक्खू कॅन उतरवू लागले. सर्जन जहाजावरच राहिले होते, पण औषधांच्या पेट्या आमच्याबरोबर होत्या. उत्पला साडीचा पदर खोचून चिखलात उतरल्या आणि एकेकाला ओंजळीने, मग पेल्याने, थोडं थोडं पाजायला लागल्या. भराभर पिऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एक म्हातारा चौथऱ्याच्या कडेला बसला होता. होड्या बांधणारा होता, हे नंतर कळलं. उत्पलांनी त्याला पेला दिला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही. माझ्याकडे बघून बोलायला लागला. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

"त्या माडावर चढलं की तुमचं जहाज दिसायचं," तो म्हणाला. "बुधवारपासून मी रोज चढत होतो. खाली येऊन बायकोला सांगायचो, तिथेच आहे, उद्या येईल. आमच्याकडे एक रांजण होता पाण्याचा. शनिवारी संपला. रविवारी मी वर असतानाच ती गेली."

"काय म्हणतात?" उत्पलांनी विचारलं.

मी म्हणालो, "आभार मानताहेत."

त्यांनी म्हाताऱ्याला हात जोडले. तो गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. मग उत्पला मला म्हणाल्या, "सर, त्यांना सांगा, आम्हाला उशीर झाला. माफ करा म्हणावं."

मी ते सांगितलं. शब्दाला शब्द, अगदी बिनचूक.

म्हाताऱ्याने विचारलं, "का झाला उशीर?"

त्या प्रश्नात राग नव्हता. होडीला उशीर झाला तर कुणी विचारावं, वारा नव्हता का, तसं त्याने विचारलं होतं. माझ्याजवळ उत्तरं होती. लष्करी मंडळ, हद्द, परवानगी. पण मी त्याच्यासमोर चिखलात बसलो आणि त्याच्या भाषेत, जी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना येत नव्हती, सगळं सांगून टाकलं. शुक्रवारी यांना बोलावणं आलं होतं. मी यांना कळवलं नाही. मला वाटलं, माझ्या हातून व्हावं. या गेल्या असत्या तर शनिवारी पाणी इथे आलं असतं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. पेला त्याच्या हातात तसाच होता. त्याने एकदा उत्पलांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हे तिला सांग," तो म्हणाला.

"काय म्हणाले?" उत्पलांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, कोपरापर्यंत चिखल होता, आणि त्या माझ्याकडे अगदी विश्वासाने बघत होत्या.

"म्हणताहेत," मी म्हणालो, "पाणी गोड आहे."